फावडीची मूठ

माझ्या नणंदेचं नाव फावडी. जन्मनाव वेगळंच आहे, पण ते आता तिच्या स्वतःच्याही लक्षात नसावं. लहानपणी गल्लीतल्या पोरांनी तिचे हात बघून हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की पुढे गिऱ्हाइकांनी त्याला आदराने ‘ताई’ जोडून टाकलं. ‘फावडीताई, कालच्यासारखे खरपूस द्या हो,’ म्हणताना आता कुणाच्या मनात काही वाईट नसतं. मध्यंतरी शेजारच्या एका शाळकरी मुलीने मला विचारलं, फावडी हे फुलाचं नाव आहे का. मी हो म्हणून मोकळी झाले. कुठे समजावत बसा.

हात मात्र खरोखरच तसे. मनगट रुंद, तळवा बशीएवढा, बोटांची पेरं अक्रोडासारखी वर आलेली, आणि सगळीकडे भट्टीच्या तापल्या पत्र्याचे जुने-नवे चटके. बाकी बाई बेताच्या उंचीची, गोल चेहऱ्याची, बारीक आवाजाची. हे हात भलत्याच कुणासाठी केले होते आणि घाईगर्दीत हिला लागले, असं माझा नवरा म्हणायचा. तो तिचा सख्खा थोरला भाऊ, त्यामुळे बोलायचा हक्क त्याला होता आणि तो हक्क तो कधी वाया जाऊ देत नसे.

घराच्या तळमजल्यावर आमची बेकरी. पुढे विक्रीचा कट्टा, मागे पीठ मळायची खोली, तिच्यामागे भट्टी. कट्टा आणि मळायची खोली यांच्यामधल्या भिंतीला ट्रे सरकवायला एक चौकोनी खिडकी आहे, आणि तिच्यातून गिऱ्हाइकाला फावडी कोपरापर्यंत पिठात दिसते. मळलेलं पीठ ओल्या फडक्याखाली विसावलं की काही वेळाने ती फडकं उचलते, मूठ वळते, मधल्या बोटाचं पेर पिठात दाबते, मान डावीकडे कलती करते आणि बघत राहते. पडलेला खळगा हळूहळू भरून आला तर पीठ भट्टीत जायला तयार. नाही आला तर फडकं परत पिठावर. ती अशी मान कलती करून उभी राहिली की कट्ट्यापुढची रांगही आपोआप गप्प होते, कारण सगळ्यांची न्याहारी त्या खळग्यावर अडलेली असते. नवऱ्याने पुढे मळायचं यंत्र आणलं. मळण्यापुरतं ते बरं होतं, पण यंत्राला पेर नव्हतं. ते काम फावडीकडेच राहिलं.

हे झालं पिठातले हात असतानाचं. हात धुऊन झाले की ते जगातून नाहीसे व्हायचे. एप्रनच्या खिशात, टेबलाखाली, पाठीमागे. चारचौघांत कधी मूठ वळावी लागली तर अंगठा आत घालून वळायची, म्हणजे मूठ लहान दिसते. आमच्या घरातला एकही फोटो काढून बघा, फावडी कुणाच्या तरी मागे उभी असेल, नाहीतर हातावर भाच्याचं डोकं असेल. आणि हे शिकवलं सासूबाईंनी. घरात कुणी पाहुणा आला, की त्या तिच्याकडे न बघता हळूच म्हणायच्या, “धाकटे, हात आत.” एकदा लग्नाच्या बोलणीसाठी एक गृहस्थ आले होते. फावडी पूर्ण वेळ टेबलाखाली हात ठेवून बसली, त्यांनी कपबशी पुढे केली तरी हात बाहेर काढला नाही. त्या माणसाचा समज झाला की मुलीला हातच नाहीत. तो घाबरून उठला. मी इतकी हसले की मला आतल्या खोलीत पाठवण्यात आलं. फावडीही हसली, पण हात टेबलाखालीच होते.

सासूबाईंबद्दल गैरसमज नको. बाई तापट, पण न्यायी. सासरे लवकर गेले तेव्हा त्यांनी एकटीने ही भट्टी पेटती ठेवली होती आणि पावाचं सगळं शास्त्र फावडीला त्यांनीच दिलं. मी सून म्हणून आले तोवर सांधेदुखीने त्यांची बोटं वाकायला लागली होती. त्या बारा महिने लोकरीचे हातमोजे घालायच्या आणि वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून खाली कोण उधार मागतंय त्यावर लक्ष ठेवायच्या. मुलीच्या हातांचा प्रश्न आला की मात्र न्यायबिय सगळं बाजूला. “हात आत.” मी एकदोनदा भांडून बघितलं. भिंतीशी बोलल्यासारखं होतं.

फावडीने पन्नाशी गाठली त्या वर्षी आमच्या गावात सिनेमावाले आले.

नदीकाठी विटांचं एक जुनं धान्याचं गोदाम आहे, बरीच वर्षं रिकामं. ते त्यांना हवं होतं. सिनेमा होता एका मुष्टियोद्ध्याचा, दीडशे वर्षांपूर्वीचा काळ धरून, जेव्हा ही माणसं हातमोजे न घालता नुसत्या मुठींनी लढायची आणि बघणारे लोकच दोर धरून त्यांच्याभोवती रिंगण करायचे. धक्क्यावर ओझी वाहणारा एक हमाल पुढे मोठा विजेता होतो, अशी कथा. गावातली अर्धी माणसं दोर धरायला गेली. आमच्या बेकरीला रोजच्या पावाची ऑर्डर मिळाली, आणि ती ठरवायला एका सकाळी खुद्द दिग्दर्शक आला. काटकुळा तरुण, डोक्यावर टोपी, सतत चहा मागवणारा आणि एकही कप पूर्ण न पिणारा. तो माझ्याशी बोलत होता, आणि बोलता बोलता मध्येच थांबला. खिडकीतून त्याला फावडीचे हात दिसले होते.

त्याची अडचण मला मागाहून कळली. नायक दिसायला देखणा, अंगाने भरलेला, पण त्याचे हात निघाले वीणा वाजवणाऱ्याचे. लांब, निमुळते, नखं चकचकीत. दुरून चालत होतं. कॅमेरा मुठीजवळ गेला की सगळं खोटं. त्यांनी हमाल बघितले, लोहार बघितले, पण एकाचे हात नको तितके काळे, दुसऱ्याचे केसाळ. फावडीचा रंग नायकाशी जुळत होता, भट्टीच्या आचेने हातावर लवसुद्धा शिल्लक नव्हती, आणि ते चटके तर रंगवूनही जमले नसते. त्याने तिथल्या तिथे विचारलं. फावडीने दोन्ही हात खिशात घातले आणि मान हलवून नाही म्हणाली. मी म्हणाले, ती येईल. कुणीतरी निर्णय घ्यायला हवा होता.

अट एकच होती. निर्माता नावाचा गृहस्थ दुसऱ्या दिवशी आला आणि त्याने हात जोडून विनंती केली की ही गोष्ट बाहेर जाता कामा नये. नायकाने सगळं स्वतः केलंय, कुठेही डुप्लिकेट वापरला नाही, असं त्यांनी आधीच सगळीकडे छापून टाकलं होतं. घरातही सांगायचं नाही. फावडीने शब्द दिला. मी शेजारीच उभी असल्यामुळे मलाही तो द्यावा लागला. नवऱ्याला तर सांगायची सोयच नव्हती. त्याच्या पोटात गोष्ट राहते ती दारापर्यंत जाईपर्यंत. त्याला आणि सासूबाईंना आम्ही सांगितलं की सिनेमावाल्यांना पाव ताजे वाढून हवे आहेत, म्हणून आम्ही दोघी रोज गोदामावर जाणार.

पहिल्या दिवशी मारामारीच्या मास्तरांनी तिला मूठ वळायला सांगितली. हे मास्तर म्हणजे नाक दोनदा मोडलेला, डोक्याखाली मानच नसलेला, अतिशय प्रेमळ माणूस. फावडीने सवयीप्रमाणे अंगठा आत घालून मूठ वळली. मास्तरांनी डोक्याला हात लावला. अशा मुठीने ठोसा मारला तर पहिल्याच फटक्यात स्वतःचाच अंगठा मोडेल, असं त्यांनी समजावलं आणि अंगठा धरून बाहेर काढला. तिने परत आत घातला. त्यांनी परत काढला. दुपारपर्यंत हेच. शेवटी मास्तर वैतागून म्हणाले, “ताई, हा काय चोर आहे का? का लपवता त्याला?”

फावडीने मूठ वळली, अंगठा बाहेर, आणि मास्तरांनी छातीला बांधलेल्या गादीवर एक ठेवून दिली. मास्तर खाली बसले. पडले नाहीत, सावकाश बसले, बसायचं आठवल्यासारखे. फावडी धावली आणि लागलं का हो, पाणी देऊ का, करत त्यांच्यापुढे वाकली. मास्तर हसायला लागले ते थांबेनात. त्या दिवसापासून ते तिला उस्ताद म्हणू लागले. ती मात्र दर ठोशानंतर ‘लागलं का हो’ विचारायचीच. दिग्दर्शक कळवळून सांगायचा की ताई, शॉट संपेपर्यंत तरी विचारू नका. कितीतरी रीटेक निव्वळ तेवढ्यासाठी झाले.

नायक भला मुलगा निघाला. पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा फावडीचे हात अर्थातच खिशात. तो म्हणाला, “दाखवा ना, आता माझेच आहेत ते.” तिने काढले. त्याने आपला तळवा तिच्या तळव्याला लावून बघितला आणि त्याचं तोंडच उतरलं. मग रोज सकाळी तो पाव खायला आमच्याजवळच बसायचा आणि ठोसा मारण्याआधी खांदा कसा फिरतो ते तिच्याकडून बघून घ्यायचा, म्हणजे त्याचं अंग आणि तिचे हात एकाच माणसाचे वाटावेत. ती म्हणायची, खांद्याबिंद्याचं मला माहीत नाही, मी पीठ उलटते तशी मारते. मग हा उंचापुरा मुलगा गोदामाच्या कोपऱ्यात उभा राहून हवेत पीठ उलटायचा.

आणि एक गंमत तिथे झाली. लढतीआधी विजेता तालमीतल्या वाळूच्या चामडी पोत्यापाशी येतो, असा प्रसंग होता. कॅमेरा फक्त हातावर. फावडीला सांगितलं होतं की पोत्यावर हात ठेव आणि मग ठोसा मार. तिने पोत्यावर मूठ टेकवली, मधल्या बोटाचं पेर हळूच दाबलं आणि थांबली. हाताबरोबर मानही कलती झाली, पण ती चौकटीबाहेर. चामड्यात खळगा पडला, तो भरून येईना. ती पुटपुटली, अजून झालं नाही. मग तिच्या लक्षात आलं की हे पीठ नाही, आणि जीभ चावून तिने ठोसा मारला.

दिग्दर्शकाने टोपी काढली. त्याला वाटलं हा जुन्या मुष्टियोद्ध्यांचा काही विधी असावा. त्याने मास्तरांना विचारलं, आणि मास्तर माहीत नाही असं म्हणणाऱ्यांतले नव्हते. जुने लोक असंच करायचे, त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं. झालं. विजेता प्रत्येक लढतीआधी असं करणार, असं ठरलं. नायकालाही मान कलती करायला शिकवली. फावडी लाजेने लाल झाली. मी तोंडात रुमाल कोंबून उभी होते.

त्या संध्याकाळी रिकाम्या टोपल्या घेऊन परत येताना ती नेहमीपेक्षा भरभर चालत होती. हात खिशात नव्हते, टोपलीबरोबर झुलत होते. पुलावर थांबून तिने ते कठड्यावर ठेवले आणि त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचे असावेत तशी बघत बसली.

“वहिनी,” ती म्हणाली, “आईने एकदा हे असे मोठ्ठे बघायला हवेत. आणि बघून आत घे म्हणायला नको. एवढंच हवंय मला, बाकी नावबिव काही नको.”

मी म्हणाले, घरी जाते आणि सांगते. ती एवढी चिडली की विचारू नका. शब्द दिलाय म्हणजे दिलाय. शिवाय सांगितल्यावर आई ‘छान’ म्हणेलच, तसलं छान घेऊन काय करू. मला पटलं नाही, पण गप्प बसले. माझ्या आयुष्यात इतका काळ मी कशाबद्दलच गप्प बसलेली नाही.

सिनेमा लागला तो पुढच्या हिवाळ्यात. मोठ्या शहरांतून परीक्षणं आली. नायकाच्या मुठींबद्दल रकाने भरभरून लिहिलं होतं. एका विद्वानाने त्या पेर दाबण्यावर अख्खा परिच्छेद खर्च केला होता: विजेता नियतीची चाचपणी करतो, ती अद्याप परिपक्व नाही हे जाणून तो थांबतो, वगैरे. नवऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, याला म्हणतात हात, नाहीतर आमची फावडी. फावडीने त्याच्या चहात दुप्पट साखर घातली. मी पायाने तिला टेबलाखाली ढोसलं.

आमच्या गावच्या थिएटरात सिनेमा एकच आठवडा राहणार होता. आता प्रश्न सासूबाईंना न्यायचा. त्यांना सिनेमा मुळात आवडत नसे, आणि मारामारीचा तर डोळ्यांपुढे नको. म्हातारपणी मी पुरुषांना एकमेकांची नाकं फोडताना बघायला येऊ का, असं त्यांनी मला विचारलं. मी सिनेमातली गाणी सांगितली, त्यांनी कानावर हात ठेवले. पोशाख सांगितले, त्या म्हणाल्या घामट असणार. शेवटी फावडीने हळूच सांगितलं की त्यात नदीकाठचं गोदाम आहे. तरुणपणी सासूबाई आणि सासरे तिथून पिठाची पोती आणायचे. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, गोदाम दिसून गेलं की मी उठणार.

थिएटर आमच्याच गिऱ्हाइकांनी भरलेलं. दोर धरायला गेलेले सगळे आपापला चेहरा शोधायला आले होते आणि सापडला की शेजाऱ्याला कोपर मारत होते. आम्ही मधल्या ओळीत बसलो: नवरा, मी, सासूबाई, आणि त्यांच्या पलीकडे फावडी. सासूबाईंचे हात मोज्यांत, मोजे शालीत. फावडीचे हात कुठे होते ते सांगायला नको.

पहिला अर्धा भाग म्हणजे नायकाचं प्रेम, नायकाची गरिबी आणि धुकं. गोदाम आलं. सासूबाईंनी ते नीट बघून घेतलं, दार पूर्वी हिरवं होतं एवढा शेरा मारला आणि झोपल्या. पहिली लढत झाली, विजेत्याने पोत्यावर पेर दाबलं. मागच्या रांगेतून कुणीतरी फुसकन हसलं. मला घाम फुटला. सासूबाई घोरत होत्या.

मध्यंतरात त्या ताज्यातवान्या होऊन उठल्या आणि चला म्हणाल्या. गोदाम बघून झालं होतं. नवरा लगेच छत्री शोधायला लागला, कारण त्याला आईचा शब्द मोडवत नाही. मी तोंड उघडलं, पण काय सांगणार? कारण सांगायचं तर शब्द मोडायचा. मग फावडी उठली. ती आईपुढे वाटेत उभी राहिली. आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण दोन्ही मुठी कमरेवर होत्या, दिव्यांच्या लख्ख उजेडात, अंगठे बाहेर.

“आई, बस. शेवटपर्यंत बघायचाय.”

पन्नास वर्षांत तिने आईला असं काही म्हटलं नव्हतं. सासूबाईंनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मुठींकडे. हात आत, हे शब्द त्यांच्या ओठांवर आलेले मला दिसले. पण मुलीचा हा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता. त्या बसल्या. नवरा छत्री घेऊन उभाच राहिला, त्याला मी बाही धरून खाली बसवला.

शेवटची लढत. गोदामाच्या अंगणात पहाट, लोक दोर धरून उभे, सगळीकडे शांतता. विजेता अंगरखा काढतो. पोत्यापाशी येतो. आणि मग पडदाभर, वरपासून खालपर्यंत, एक मूठ. भिंतीएवढी. चटके, पेरं, सगळं. सासूबाई पुढे झुकल्या. त्या मुठीचं मधलं पेर चामड्यात दाबलं गेलं, आणि खळगा पडला.

आता अख्ख्या थिएटरला काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं होतं. रोज सकाळी रांगेत उभं राहून हेच तर बघतात सगळे. नायकाने मान डावीकडे कलती केली, तशी निम्म्या प्रेक्षकांचीही झाली. त्या शांततेत सासूबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, “गार हवा आहे. अजून फुगायला वेळ लागेल.”

थिएटर फुटलं. एवढा गंभीर प्रसंग, पण लोक खुर्च्यांवर हात आपटून हसत होते. कुणीतरी ओरडलं, फावडीताई, दोन खरपूस. पडद्यावर विजेत्याने पहिला ठोसा मारला तर लोकांनी टाळ्या पिटल्या. माझा नवरा तोंड उघडं टाकून पडद्याकडे, बहिणीकडे, परत पडद्याकडे बघत होता.

सासूबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी शालीतून हात काढले आणि एक मोजा ओढून काढला. काढायला वेळ लागला, बोटं वाकडी. मग त्यांनी तो हात पडद्याच्या उजेडात धरला. रुंद मनगट, वाकूनही अक्रोडासारखी पेरं, पांढरे पडलेले चटके. इतकी वर्षं त्यांच्याबरोबर एका घरात राहून मला मोजे तेवढे दिसले होते.

“हे माझे हात आहेत,” त्या म्हणाल्या. “माझे हात घेतले कुणी?”

मग त्यांना कळलं. त्यांनी शेजारी हात घातला, मुलीच्या खिशातून तिचा हात बाहेर ओढला आणि तो आपल्या हाताशेजारी, दोन्ही मुठी एका ओळीत, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. पुढच्या खुर्चीवरचा न्हावी वळून बघायला लागला, तर त्याला म्हणाल्या, समोर बघ, तिकीट काढलंयस ना. लढत संपेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. फावडी हसत होती आणि नाक पुसायला तिला एकच हात मोकळा होता. विजेता कसा जिंकला ते मी आजतागायत बघितलेलं नाही.

घरी परतताना सासूबाई एवढंच म्हणाल्या की सासरच्यांनी पहिल्याच दिवशी त्यांचे हात बघून हमाल आणलाय का विचारलं होतं, आणि पोरीला तसं कुणी विचारू नये म्हणून त्या जपत होत्या. फावडी म्हणाली, आई, पण तो सिनेमा हमालाचाच आहे. यावर सासूबाई पुलावर थांबून इतक्या हसल्या की त्यांना माझ्या नवऱ्याच्या छत्रीचा आधार घ्यावा लागला.

शब्द कुणीच मोडला नव्हता, त्यामुळे निर्मात्याला बोलायला जागा नव्हती. गावाने ओळखलं, आम्ही काय करणार. त्याने एक रागाचा फोन केला, तो माझ्या नवऱ्याने घेतला आणि त्याला लढतीचा सगळा प्रसंग पुन्हा ऐकवला. नायकाला नंतर कुणीतरी मुलाखतीत मुठींचं रहस्य विचारलं, तेव्हा त्याने खुशाल सांगितलं की त्या दुसऱ्या कुणाच्या आहेत आणि त्या व्यक्तीचा पाव फार चांगला असतो. मास्तर अजून अधूनमधून येतात आणि उस्ताद आहेत का विचारतात.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं. रांग दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत गेली होती, पावासाठी कमी आणि खिडकीतून बघायला जास्त. सासूबाई वरच्या मजल्यावरून खाली उतरल्या, बऱ्याच वर्षांनी. मोजे काढून त्यांनी एप्रनच्या खिशात टाकले, फडकं उचललं आणि वाकड्या बोटाचं पेर पिठात दाबलं. फावडीने शेजारी आपलं दाबलं. दोघींच्या माना एकदमच डावीकडे कलत्या झाल्या. रांग गप्प.

“झालंय,” फावडी म्हणाली.

“कुठे झालंय? नीट बघ.”

“आई, झालंय म्हणते ना.”

“पडद्यावर आलीस म्हणून मला शिकवू नकोस. अजून फुगायचंय.”

बराच वेळ चाललं ते. माझा नवरा भट्टीसमोर रिकामा ट्रे घेऊन ताटकळत उभा होता आणि पुढे रांगेतली माणसं आपसांत पैजा लावत होती.